बत्तीस अंशांची बॅच

नव्वदच्या दशकात, म्हणजे माझ्या डोक्यावर केस होते आणि आपण जगाला काहीतरी शोधून देणार अशी माझी खात्री होती त्या काळात, मी नगरच्या एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवता शिकवता पीएच.डी. करत होतो. विषय असा, की लग्नाच्या पंगतीत तो सांगायला सुरुवात केली की शेजारचा माणूस वाढप्याला हाका मारायला लागायचा. तापमान बदललं की वागणूक बदलणारी पॉलिमरं, त्यांच्या साखळ्यांपासून पाण्यात आपोआप जुळून येणारे अतिसूक्ष्म कण, आणि त्या कणांच्या पोटात औषध भरून ते शरीरात नेमक्या जागी सोडायची युक्ती. हे वाक्य आज एका दमात लिहिता आलं. तेव्हा एका दमात म्हणता यायचं नाही, म्हणून मी करंजी काढली.

"करंजी समजा," मी सांगायचो. "आतलं सारण म्हणजे औषध. बाहेरची पारी पॉलिमरची. ही करंजी रक्तातून हिंडते, कुठं फुटत नाही. जिथं कॅन्सरची गाठ आहे तिथं डॉक्टर बाहेरून जरासा शेक देणार. तेवढ्याच जागी पारी सुटणार आणि सारण तिथंच पडणार. बाकी अंगाला पत्ता नाही."

करंजी फार चालली. आमच्या घरात गोष्ट सांगायची झाली की मला पुढं करायची पद्धतच आहे. आजोबांची बैलजोडी घोडेगावच्या बाजारातून भलत्याच्याच गोठ्यात कशी गेली, ही गोष्ट मी इतक्या वेळा आणि इतक्या तऱ्हांनी सांगितली आहे, की त्या बैलांना विचारलं असतं तर त्यांनाही खरं काय ते सांगता आलं नसतं. करंजीचंही तसंच झालं. पहिल्या वर्षी मी 'असं होऊ शकेल' म्हणायचो. दुसऱ्या वर्षी 'होईल' म्हणायला लागलो. तिसऱ्या वर्षी मावशी दुसऱ्या मावशीला सांगत होती, "ह्याचं औषध झालंय तयार, नुसता सरकारी शिक्का राहिलाय." मी तिथंच बसलो होतो. चहा पीत होतो. चहा गरम होता म्हणून बोललो नाही, असं समजू.

प्रत्यक्षात माझ्याकडं काय होतं? पांढरी भुकटी. थंड पाण्यात टाकली की साखळ्या पाण्याला बिलगायच्या आणि पाणी स्वच्छ दिसायचं. पाणी बत्तीस अंशांच्या वर गेलं की त्याच साखळ्या पाण्याशी अबोला धरायच्या, अंग चोरून एकमेकींवर पडायच्या, आणि नळीतलं पाणी दुधासारखं व्हायचं. परत गार केलं की परत स्वच्छ. दिसायला जादू. पण माणसाचं अंग सदतीस अंशांवर असतं. म्हणजे बत्तीस अंशांना सुटणारी करंजी सुईतून आत गेल्या गेल्या शिरेतच फुटणार. माझं सगळं काम एवढंच होतं: साखळीत पाणी आवडणारा माल थोडाथोडा मिसळून हा आकडा चाळिसाच्या आसपास न्यायचा, म्हणजे अंगात बंद राहील आणि शेक दिला तरच उघडेल.

लिहायला एक ओळ, करायला पाच वर्षं. एक बॅच पस्तीसला वळायची, म्हणजे दुधाळ व्हायची. तसाच, त्याच मापानं, त्याच बाटलीतून घेतलेला माल पुढच्या खेपेला चव्वेचाळीसला. एकदा तर उकळेपर्यंत वळलाच नाही. त्यात आमची प्रयोगशाळा पत्र्याची. मे महिन्यात तिथं एक्केचाळीस अंश सहज व्हायचे, तेव्हा नगरच्या उन्हाळ्यात आमच्या सगळ्या करंज्या गाठीबिठीची वाट न बघता टेबलावरच फुटून पडायच्या. कणांचा आकार मोजायचं यंत्र पुण्यात. थर्मासात बर्फ, बर्फात नळ्या, आणि थर्मास मांडीवर घेऊन मी एसटीत. एकदा कंडक्टरनं विचारलं, "सायेब, जनावराची लस का?" मी कॅन्सर, पॉलिमर, सूक्ष्म कण असं सगळं सांगितलं. त्यानं मागच्या सीटवरच्या शेतकऱ्याला सांगितलं, "लसच हाय." त्या शेतकऱ्यानं शिरूर येईपर्यंत मला त्याच्या गाईच्या खुरांबद्दल सगळं विचारून घेतलं, आणि मीही काहीबाही सांगितलं. हा माझा स्वभाव. समोरचा ऐकतोय म्हटलं की मला थांबता येत नाही.

आता दादाचं सांगतो. सांगायला बसलो तो त्याचंच सांगायला.

दादा माझा थोरला भाऊ. कोपरगावकडच्या एका साखर कारखान्यात पॅनमन. पॅनमन म्हणजे ज्या मोठ्या बंद भांड्यात उसाचा पाक शिजतो, त्याच्यापाशी उभा राहणारा माणूस. भांड्यातून थेंबभर पाक काढायचा, काचेच्या पट्टीवर पसरायचा, दिव्यासमोर धरायचा आणि दाणा धरला की नाही ते सांगायचं. कारखान्यात डिगऱ्या घेतलेले केमिस्ट होते, पण दादानं "धरला" म्हटल्याशिवाय पुढचा व्हॉल्व्ह कोणी फिरवत नसे. एकदा दाणा धरला की बाकी सगळं ठरल्यासारखं. काही तासांत साखर पोत्यात.

दादाला तंबाखूची सवय होती. चुना लावलेली चिमूट डाव्या गालात, वर्षानुवर्षं त्याच जागी. त्या जागी एक जखम झाली आणि भरेना. कोपरगावच्या डॉक्टरनं आत बोट घालून पाहिलं आणि पुण्याच्या मोठ्या दवाखान्याला चिठ्ठी लिहून दिली. दादाला स्पष्ट सांगितलं, "जबड्याचा थोडा भाग काढावा लागेल. पण लवकर गेलात तर वाचाल. उशीर करू नका." दसरा होऊन गेला होता. दादा चिठ्ठी घेऊन नगरला माझ्याकडं आला. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं मी त्याला पुण्याला न्यायचं ठरलं होतं.

गाडी सकाळची, आणि दादा आला दुपारी. घरी बसून जबड्याचा विचार करण्यापेक्षा जरा फिरवून आणावं म्हणून मी त्याला प्रयोगशाळेत नेलं. आजही वाटतं, त्याऐवजी किल्ला दाखवायला नेलं असतं तर.

टेबलावर दोन स्टँड होते. एकात बत्तीस अंशांच्या बॅचच्या नळ्या. दुसऱ्यात नुकतीच केलेली, अडतीसला वळणारी बॅच. माझ्या कामाच्या हिशेबानं पहिली बॅच फसलेली होती आणि दुसरीत थोडीफार आशा होती. पण अडतीसवाली नळी हातात धरली तर काहीच होत नाही. तळहाताची ऊब तिला पुरत नाही, पाणी ते पाणीच राहतं. बत्तीसवालीचं मात्र मुठीत धरल्या धरल्या दूध होतं.

मी बर्फातनं बत्तीसवाली काढून दादाच्या हातात दिली. कणांच्या पोटात काहीतरी आहे हे दिसावं म्हणून तिच्यात तेलात विरघळणारा तांबडा रंग घातलेला होता. फक्त रंग.

"हे काय? सरबत हाय का?" दादा म्हणाला. जखमेमुळं तो तोंड अर्धंच उघडायचा.

"मुठीत धर."

त्यानं धरली. वीसेक सेकंद गेले असतील. नळी गढूळ झाली, मग गुलाबी दुधासारखी. दादानं ती खिडकीच्या उजेडात धरली, अगदी पॅनवरची पट्टी धरतो तशी, एक डोळा मिटून.

"धरलं की रे!"

"आता बर्फात घाल."

घातली. परत स्वच्छ.

"आयला! आमची साखर गरमात इरघळती, हे गारात इरघळतंय. समदं उलटं." त्यानं परत मूठ वळली. परत बर्फ. परत मूठ. आठ-दहा वेळा तरी त्यानं ते केलं असेल. मग माझ्या पाठीवर थाप मारली. "मास्तर, दाणा धरलाय तुझा. मला वाटलं हुतं तू नुसता गप्पाच हाणतो."

पाच वर्षांत माझ्या कामाला कोणी अशी दाद दिली नव्हती. पुण्याचे माझे गाइड आलेख बघून "हं" म्हणायचे. बायको म्हणायची, "अहो, त्या बाटल्या फ्रिजमध्ये पन्ह्याशेजारी ठेवू नका, एखाद दिवशी पाहुण्यांना देऊन बसेन." आणि इथं आख्ख्या कारखान्याचा दाणा ओळखणारा माणूस म्हणत होता की तुझा दाणा धरला. ही फसलेली बॅच आहे, हे तेव्हा सांगायला हवं होतं. ह्यात औषधाचा थेंब नाही, हे सांगायला हवं होतं. हातात वळतंय म्हणजेच अंगात चालणार नाही, हे तर सगळ्यात आधी. मी करंजीची गोष्ट पहिल्यापासून शेवटपर्यंत परत एकदा सांगितली. चांगली रंगली.

शेजारच्या स्टँडमधली नळी त्याच्या हातात दिली असती, तर तो "पाणीच हाय की" म्हणाला असता आणि दुसऱ्या दिवशी पुण्याला गेला असता.

सकाळी एसटी स्टँडवर त्यानं बॅग उचलली आणि कोपरगावच्या फलाटाकडं निघाला.

"दादा, पुण्याची गाडी इकडं."

"बॉयलर पेटायला आठ दिस राह्यलेत. मी गेलो तर पॅनवर कोन? सीझन काढतो आन् मग जातो."

"अरे, डॉक्टर म्हणालेत उशीर नको."

"चार महिन्यानं काय हुतंय? दुखत बी न्हाई." गाडी सुरू झाली तेव्हा खिडकीतनं म्हणाला, "तवर तुझंबी पुढं सरकंल."

हे शेवटचं वाक्य गाडीच्या आवाजात मला ऐकू आलं नाही, असं मी पुढं बरीच वर्षं सगळ्यांना सांगत आलो. ऐकू आलं होतं. अकराला माझं लेक्चर होतं, शिवाय त्याच्या थापेची ऊब अजून पाठीवर होती. मी त्याला खाली ओढलं नाही.

मग सीझनभर दर रविवारी दादाचा बूथवरून फोन. आधी पॅनच्या तक्रारी, मग मुद्दा.

"किती झालं?"

"साडेअडतीस."

"पायजे किती?"

"चाळीस."

"मंग दीडच राह्यलं की. माझ्या तोंडाचं? हाय तसंच."

पुण्याला जाऊन ये, हेही मी म्हणायचो. पण फोन ठेवता ठेवता, 'वहिनीला नमस्कार सांग' म्हणावं तसं. तो आकडा विचारायचा आणि मला आकडा सांगायला आवडायचं. दुसरं कोणी विचारत नव्हतं.

फेब्रुवारीत एक बॅच चाळिसाला वळली. तीन वेळा मोजली, तीनदा चाळीस. रविवारी फोन वाजला आणि मी हॅलो न म्हणताच ओरडलो, "दादा, चाळीस आलं!"

 मग दादा म्हणाला, आणि त्याचे शब्द एकमेकांत इतके अडकत होते की मला प्रथमच ते जाणवलं, "मंग... मी येऊ, का तू घिऊन येतो?"

मी म्हणालो, "मीच येतो."

निघण्याआधी प्रयोगशाळेत जाऊन एक काम केलं. ते पुढं ढकलत आलो होतो, कारण त्याचं उत्तर मला अंदाजानं माहीत होतं. रक्तात असतं तेवढं मीठ पाण्यात घातलं आणि चाळिसाची बॅच त्यात टाकून मोजली. सदतीसच्याही आत वळली. माझी करंजी नुसत्या पाण्यात शहाण्यासारखी वागत होती. पण माणूस काही नुसत्या पाण्याचा नसतो.

गावात शिरलो तर मळीचा वास, उसाच्या गाड्या, कारखाना चालूच. दादा मात्र घरात, खाटेवर, तोंडाला पंचा लावून. डावा गाल आत गेल्यासारखा आणि त्याच बाजूला मान सुजलेली. पॅनवर जायचं थांबून आठ दिवसही झाले नव्हते. वहिनी पातळ पेज वाटीनं पाजत होती.

"भाऊजी, आलात का," ती म्हणाली. तिची नजर माझ्या तोंडाकडं गेलीच नाही, ती थेट पिशवीवर. "थंड जागी ठिवायचं असंल ना? माठाखाली जागा केलीय मी."

माठाखाली खरंच ओल्या वाळूत एक खळगा केलेला होता. झाकायला वाटीसुद्धा पालथी घालून ठेवली होती.

"वहिनी, मी काही आणलेलं नाही."

मग सांगितलं. ह्या खेपेला करंजी नाही. औषध नाही, औषधाच्या जवळपासचंही काही नाही, उंदरालासुद्धा कधी दिलेलं नाही, आणि ते होईल तेव्हा बहुतेक आपण कोणीच नसू. कसंबसं, तुटक तुटक. गोष्टी सांगणारा माणूस म्हणून माझी जी काय ख्याती होती, तिचा त्या खोलीत मागमूस नव्हता.

दादानं पंचा बाजूला केला. "मंग हातात वळलं ते?"

"ते वळायला नको होतं. ती फसलेली बॅच होती, दादा."

"आन् तू मला तीच दावलीस."

"ती दिसायला चांगली होती."

"आत औषध?"

"रंग होता. तांबडा."

त्यानं परत पंचा लावला.  मग पंच्याच्या आतून म्हणाला, "आमच्याकडं पॅन बिघडला ना, तर पॅनमननं सोत्ता जाऊन सांगायचं आसतंय. साहेबाला, समद्यांला. शरम वाटली तरी. तसाच पुढं सोडला तर समद्या मालाची वाट लागती."

 वहिनी माठाखालची ती वाटी उचलून धुवायला घेऊन गेली.

दुसऱ्याच दिवशी पुण्याला गेलो. तिथल्या डॉक्टरनं मान चाचपली आणि चिठ्ठीवरची तारीख पाहिली. मग परत मान चाचपली. "ह्या तारखेला आला असता तर कापलं असतं," एवढंच म्हणाले. आता कापून उपयोग नव्हता. शेक दिले, म्हणजे किरणांचे. त्या उपचाराला आमच्या घरात 'शेक'च म्हणतात आणि पहिल्यांदा तो शब्द ऐकला तेव्हा दादानं माझ्याकडं पाहिलं. मी खिडकीबाहेर. पुढच्या सीझनचा बॉयलर पेटला तेव्हा पॅनवर दुसरा माणूस होता.

प्रबंध मी पुरा केला. कसा केला विचारू नका. शेवटच्या प्रकरणात 'औषधवहनासाठी ही पॉलिमरं उपयुक्त ठरण्याची शक्यता आहे' असं वाक्य आहे. तोंडी परीक्षेत परीक्षकांना तेच वाक्य आवडलं.

दादाच्या दहाव्याला गावी थांबलो होतो, तेव्हाची गोष्ट. दुपारी ओट्यावर एक माणूस आला. कारखान्यातलाच, साखर वाळवायच्या मशीनवरचा. गळ्याला मफलर, एवढ्या उन्हात. थोडा वेळ दादाबद्दल चांगलं बोलला, मग मफलर सोडला. जबड्याखाली लिंबाएवढी गाठ होती.

"पॅनमन सांगायचे, भावाकडं औषध हाय म्हून. हातात धरलं की वळतं. त्येंनी सोत्ता बघितलेलं."

"तसलं काही औषध नाही," मी म्हणालो, पहिल्याच श्वासात. "ते प्रयोगाचं पाणी होतं. तुम्ही आजच्या आज पुण्याला जा. मी चिठ्ठी देतो, सोबतसुद्धा येतो."

"वळत न्हवतं का मंग?"

"वळत होतं, पण..."

"म्हंजी हाय." तो उठला आणि मफलर परत गुंडाळला. "ऱ्हाऊ द्या, सायेब. सख्ख्या भावाला न्हाई दिलं, मला कशाला देताल."

तो निघून गेला. वहिनी दारात उभी होती. कधी येऊन उभी राहिली कळलं नाही.

"भाऊजी, नीट सांगायचं त्येला."

"सांगितलं की, वहिनी. स्पष्ट सांगितलं."

"व्हय, आयकलं मी. दोन वाक्यं." तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. "ते करंजीचं किती गोड सांगायचात तुमी. पोरं जेवायची ऱ्हायची आयकत. हे बी तसं कोनी सांगितलं आसतं, तर आमी आयकलं आसतं."

मी चपला घातल्या आणि फाट्याकडं पळालो. वाटेत मनात जुळवत होतो, कुठून सुरुवात करावी, दादापासून करावी का त्या माठाखालच्या खळग्यापासून. तो माणूस फाट्यावर उभा होता. मी धापा टाकत त्याच्यापाशी जाऊन सांगायला लागलो. त्यानं ऐकून घेतलं, दोनदा "बरं" म्हणाला, तिसऱ्यांदा माझ्या खांद्यावरनं रस्त्याकडं पाहिलं. वैजापूरकडं जाणारी जीप आली, तिच्या मागच्या फळीवर त्याला जागा मिळाली. पुण्याच्या गाड्या रस्त्याच्या पलीकडच्या बाजूला थांबतात. मी तिकडं बोट दाखवत होतो. जीप निघाली.